नोटीस सगळ्यांना वाचता येते का? महाविद्यालय आणि विद्यापीठाच्या वेबसाइट, ॲप, व्हिडिओंसाठी सुगम्यतेचा कायदा

"सर, हा नुसतं 'ब्लँक' म्हणायलाय."

परीक्षा अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी तेव्हा वेबसाइटचं काम बघत होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, पूर्ण अंध असलेला एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभा होता. आदल्या आठवड्यात मीच टाकलेलं परिपत्रक त्याने उघडलं होतं. जावक क्रमांक, गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. कागद स्कॅन करून पीडीएफ केली होती, आम्ही कायम करायचो तशी. मला पडद्यावर दोन पानं मजकूर दिसत होता. त्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, मात्र एक अक्षर सापडत नव्हतं, कारण त्या फाइलमध्ये अक्षरं नव्हतीच, कागदाचा फोटो होता. जादा वेळ हवा असेल तर दिव्यांगत्वाचा दाखला जोडायचा, हे दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. दाखला घरी, आजऱ्याला. त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने तो गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, अर्ज भरायला.

त्याची ती फेरी माझ्यामुळे झाली, हे मी विसरू शकत नाही. त्यानंतर मी सुगम्यता हा विषय शिकलो, म्हणजे वेबसाइट, ॲप, व्हिडिओ दिव्यांग व्यक्तींनाही वापरता येतील असे करणं. वेबसाइटची जबाबदारी नव्याने गळ्यात पडलेले सहायक प्राध्यापक, आस्थापना विभागातले लिपिक, ग्रंथालयातले सहकारी आणि राजारामपुरीत कॉलेजच्या साइट्स बनवून देणारी तरुण मुलं, अशांसाठी हे लिहितोय. वकिलाचं ज्ञान लागत नाही. कायद्याची पाचसहा कलमं आणि रोजच्या कामातल्या काही सवयी एवढं पुरतं.

आधी कायदा, थोडक्यात

मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. अंधत्व आणि कर्णबधिरत्व तर आहेच, पण अल्पदृष्टी, स्नायूंचे विकार, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यात झालेल्या इजा, वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता हेही त्यात येतं. म्हणजे तुमच्या वर्गात असा विद्यार्थी बहुधा आहे. त्याने सांगितलं नसेल एवढंच.

कलम ४० नुसार केंद्र सरकारने सुगम्यतेची मानकं ठरवायची आहेत. त्यात माहिती-तंत्रज्ञानही येतं. कलम ४२ आपल्या कामाचं सगळ्यात जवळचं: ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य स्वरूपात हवा, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ध्वनिवर्णन (पडद्यावर दिसतं ते शब्दांत सांगणं), सांकेतिक भाषेतलं भाषांतर आणि कॅप्शन (बोलणं पडद्यावर अक्षरांत) असावेत. कलम ४६ म्हणतं की सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, मानकांचे नियम निघाल्यापासून दोन वर्षांत त्याने सेवा सुगम्य करायची. 'आम्ही काही सरकारी नाही' असं अनुदानित महाविद्यालयातून ऐकू येतं, पण या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सरकारी मदत घेणारी संस्थाही सरकारी आस्थापनाच ठरते. कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ तर ठरतंच.

नियम आले १५ जून २०१७ ला. त्यातल्या नियम १५ ने वेबसाइटसाठी भारत सरकारच्या संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं लावली. या तत्त्वांना सगळे 'जीआयजीडब्ल्यू' म्हणतात. वेबसाइटवरचे दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकाचं स्वरूप) किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर केलेल्या, पीडीएफमध्ये असावेत, असंही त्याच नियमात होतं. मे २०२३ च्या दुरुस्तीने त्यात आयएस १७८०२ हे भारतीय मानक जोडलं गेलं. जीआयजीडब्ल्यूची तिसरी आवृत्तीही २०२३ चीच. या दोन्हींच्या मुळाशी डब्ल्यूसीएजी २.१ ही आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, तिचा 'एए' हा स्तर. त्या स्तरापर्यंत एकूण पन्नास कसोट्या आहेत. आकडा बघून घाबरू नका, निम्म्याहून जास्त कसोट्या साइट बनवणाऱ्याने एकदा नीट काम केलं की कायमच्या पार पडतात.

यानंतरची घडामोड नीट समजून घ्या, कारण तिचा उलटा अर्थ काढला जातो. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात नियम १५ चा पहिला भाग मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण काय? कायदा सक्ती सांगतो आणि नियमाची भाषा मात्र शिफारशीची आहे. किमान मानकं बंधनकारक करा, असं सांगून न्यायालयाने सरकारला तीन महिने दिले. 'नियमच गेला, आता आपण मोकळे' असं मी एका बैठकीत माझ्या कानांनी ऐकलंय. तो अर्थ साफ चुकीचा आहे. नियम पुरेसा कडक नाही म्हणून गेला; कायद्याची कलमं जागच्या जागी आहेत. पुढे ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. तो खटला बँका-मोबाइलच्या केवायसीचा होता, पण तत्त्व प्रवेश अर्जालाही तितकंच लागू पडतं.

दंडही आहे. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी किमान पन्नास हजार आणि जास्तीत जास्त पाच लाख. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी २०२२ मध्ये सुगम्यतेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, तीही टेबलावर असू द्या.

एक फरक मात्र पहिल्याच दिवशी डोक्यात बसवून घ्या. सुगम्यता म्हणजे विद्यार्थी यायच्या आधी केलेली तयारी. वाजवी सोय म्हणजे विशिष्ट विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे नंतर केलेली व्यवस्था, उदाहरणार्थ लेखनिक. 'कुणी अर्ज केला तर बघू' हे उत्तर दुसऱ्याला एकवेळ चालेल, पहिल्याला चालत नाही.

माऊस काढून ठेवा

पहिली तपासणी फुकट आणि दहा मिनिटांची. माऊसची वायर काढा आणि आपली वेबसाइट फक्त कीबोर्डवर चालवा. टॅब दाबलं की पुढच्या लिंकवर, शिफ्ट-टॅबने मागे, एंटरने उघडायचं. आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट दिसते का? पुष्कळ साइट्सवर डिझाइनरने ती 'कुरूप दिसते' म्हणून काढलेली असते. तिच्याशिवाय कीबोर्ड वापरणारा माणूस अंधारात चाचपडत राहतो. मेनूतले उपमेनू नुसते माऊस फिरवल्यावर उघडत असतील, तर हात थरथरणाऱ्या विद्यार्थ्याला 'प्रवेश' विभागापर्यंत पोचताच येणार नाही.

आपल्याकडच्या कॉलेज-साइट्सवर हमखास असते ती सरकती पट्टी, आणि तिच्या शेजारी लुकलुकणारं 'नवीन'. पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे, असा नियम आहे. मी म्हणेन पट्टीच काढा. ज्याला सावकाश वाचावं लागतं त्याच्या डोळ्यांसमोरून तारीख निघून जाते, आणि ती पट्टी वाचायला दुसरा कुणी थांबतही नाही.

कानाने बघा

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर मोफत आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन याने तो लिहायला घेतला, जेम्स टे त्याला येऊन मिळाला, दोघेही अंध. त्यातल्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. आवाज यंत्रासारखा वाटतो, पहिल्या दिवशी काही कळत नाही, पण सराव झालेली मुलं तो आपण बोलतो त्याच्या दुप्पट वेगाने ऐकतात.

तो चालू करा आणि आपल्या साइटवर एच हे अक्षर दाबत राहा. प्रत्येक दाबाला पुढचं शीर्षक यायला हवं. काहीच आलं नाही, तर तुमच्या पानावर शीर्षकं नाहीत, नुसती ठळक आणि मोठी केलेली अक्षरं आहेत. डोळस माणूस पान वरून खाली नजरेने चाळतो, स्क्रीन रीडरवाला शीर्षकांवरून उड्या मारत चाळतो. मग इन्सर्ट आणि एफ-७ दाबा. पानावरच्या सगळ्या लिंक्सची यादी येईल. 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, डाउनलोड, डाउनलोड' असं ऐकू आलं की काय दुरुस्त करायचं ते कळेल. 'बी.कॉम. भाग २ चे वेळापत्रक' ही लिंक एकटी ऐकली तरी समजते.

भाषेचा कोड ही बारीक पण मोठा त्रास देणारी गोष्ट. तयार टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा इंग्रजी नोंदलेली असते आणि आपण वर मराठी मजकूर भरतो. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. मराठी पानाला 'एमआर' हा कोड द्या; साइट बनवणाऱ्याला सांगितलं तर एका ओळीचं काम आहे.

चित्रांना पर्यायी मजकूर द्यायचा. तो देताना एकच प्रश्न विचारा: हे चित्र काढून टाकलं तर वाचणाऱ्याची कुठली माहिती जाईल? सजावटीची नक्षी असेल तर पर्यायी मजकूर रिकामा ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते गाळून पुढे जाईल. आणि 'प्रवेश सुरू' असं लिहिलेलं, तारखा-फी-फोन नंबर सगळं पोटात घेतलेलं रंगीत बॅनर असेल, तर ती माहिती पानावर मजकुरातही लिहा. व्हॉट्सॲपसाठी बनवलेलं चित्र तसंच साइटवर चढवायची सवय मोडायला मला एक सत्र लागलं.

नोटीस आणि पीडीएफ: इथेच सगळ्यात जास्त माणसं अडतात

या पायरीवर जास्त वेळ घालवा. नवी वेबसाइट दहा वर्षांत एकदा होते, नोटीस रोज निघते.

कुठलीही पीडीएफ उघडा, एक परिच्छेद निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तीन गोष्टी होऊ शकतात. काही निवडताच आलं नाही, तर तो फोटो आहे. आमच्या त्या परिपत्रकाचं तेच झालं होतं.

निवडता आलं पण चिकटवल्यावर भलतंच काही उमटलं, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालाय. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'भारत' हा शब्द घ्या. पडद्यावर तो 'भारत' दिसतो, पण फाइलच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, पोटातलं वाचतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांचंही तेच. आपल्या ऑफिसांत वीस-पंचवीस वर्षं त्याच कळफलकावर बोटं बसलेली माणसं आहेत आणि त्यांच्या टायपिंगचा वेग मी बघितलाय, त्यांना 'हे सोडा' म्हणणं सोपं नाही. उपाय असा की जुन्या कळफलकाप्रमाणे टाइप होऊन युनिकोड, म्हणजे फाइलच्या पोटातही खरी देवनागरी अक्षरं, उमटवणारी साधनं मिळतात, ती बसवून द्या. जुन्या फाइलींसाठी फॉन्ट-परिवर्तक आहेत. परिवर्तनानंतर रफार आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात.

तिसरी शक्यता, मजकूर नीट चिकटला. उत्तम. तरीही ऱ्हस्व वेलांटी जागा सोडून पडलीय का, 'विद्यार्थी'चं काही भलतंच झालंय का, ते बघा. देवनागरी पीडीएफमध्ये हे युनिकोड असूनही होतं. म्हणून माझा आग्रह वेगळाच आहे: नोटिशीचा मजकूर वेबसाइटच्या पानावरच लिहा, आणि सही-शिक्क्याची स्कॅन प्रत हवी तर खाली जोडा. वाचायला पान, पुराव्याला स्कॅन. 'सहीशिवाय नोटीस कशी टाकायची?' ही अडचण प्रत्येक ऑफिसात येते. 'कार्यालयीन प्रतीवर मा. प्राचार्यांची स्वाक्षरी असे' ही ओळ आपण टपालात आयुष्यभर लिहीत आलोय, तीच पानाखाली लिहा.

पीडीएफच करायची असेल तर वर्डमध्ये सुरुवातीपासून नीट करा. शीर्षकाला शीर्षकाची स्टाइल द्या, नुसतं ठळक करू नका. तक्त्याची पहिली ओळ शीर्षक-ओळ म्हणून नोंदवा, म्हणजे पाचव्या रांगेतला 'दु. ३' हा आकडा कुठल्या विषयाचा ते ऐकणाऱ्याला कळतं. वर्डमध्ये 'रिव्ह्यू'खाली सुगम्यता तपासणारी सोय आहे, ती चालवा. शेवटी 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करा. 'प्रिंट'मधून पीडीएफ केली की शीर्षकं आणि तक्त्याच्या खुणा सगळ्या गळून जातात, मेहनत पाण्यात.

जुन्या हजारो फाइलींचं काय? सगळ्या एकदम होणार नाहीत. चालू वर्षाच्या परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि फीच्या आधी घ्या. अभ्यासक्रम त्यानंतर. दहा वर्षांपूर्वीचे निविदा सूचनांचे स्कॅन शेवटी, आणि कुणी मागितला तर अमुक दिवसांत वाचता येईल असा करून देऊ, असं लिहून ठेवा.

ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो. पाठ्यपुस्तक स्कॅन करून अंध विद्यार्थ्याला द्यायचं तर प्रकाशक काय म्हणेल, ही भीती असते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न कमावता सुगम्य प्रत करण्याची मुभा आली आहे. भीती बाळगू नका. तयार पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे, विद्यार्थ्याला सभासद व्हायला मदत करा.

अर्ज, कॅप्चा आणि वेळ

अर्जाच्या प्रत्येक चौकटीला कायमचं नाव हवं. चौकटीच्या आत फिकट अक्षरात लिहिलेलं 'आईचे नाव' टाइप करायला लागताच नाहीसं होतं. विसरायची सवय असलेल्याला ते पुन्हा दिसत नाही. चूक झाली तर चौकट नुसती लाल करू नका. 'जन्मतारीख दिनांक-महिना-वर्ष अशी लिहा' असं शब्दांत सांगा. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा असेल तर त्याला दुसरा मार्ग ठेवा. सत्र संपण्याआधी सूचना द्या आणि एका कळीवर वेळ वाढवता येऊ द्या. आमच्याकडे एका मुलीला स्क्रीन रीडरवर आठ पानांचा अर्ज भरायला तास लागला आणि पाचव्या पानावर साइटने तिला बाहेर काढलं, दोनदा.

ऑनलाइन परीक्षा घेत असाल तर सॉफ्टवेअरमध्ये त्या विद्यार्थ्यापुरता वेळ वाढवता येतो का, हे खरेदीआधी विचारा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिव्यांग परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आहे. कागदावर दिलेला हा हक्क घड्याळ न वाढणाऱ्या सॉफ्टवेअरने हिरावला जाऊ नये.

रंगांबद्दल थोडक्यात. साध्या अक्षरांत आणि पार्श्वभूमीत ४.५ ला १ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट) हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. मोजायची साधनं मोफत आहेत. पांढऱ्यावर भगवी अक्षरं आपल्याला आवडतात, पण नेहमीच्या झेंडू-भगव्याचा पांढऱ्यावर उठाव जेमतेम २.१ भरतो. तोच भगवा पाठीमागे घेऊन वर काळी अक्षरं लिहिली की नऊच्या पुढे जातो. रंग सोडायची गरज नाही, जागा बदला.

व्हिडिओ

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन हवेत, थेट कार्यक्रमालाही हवेत, आणि पडद्यावर दिसणारी महत्त्वाची गोष्ट बोलण्यात येत नसेल तर ध्वनिवर्णन हवं. एए स्तराचं हे मागणं आहे. दीक्षांत समारंभ असो की युवा महोत्सवाचं उद्घाटन, पाहुण्यांच्या भाषणाला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषक मिळाला तर त्याची चौकट मोठी आणि कायम दिसणारी ठेवा. ऐकू न येणाऱ्या पुष्कळ मुलांची पहिली भाषा ती आहे, मराठी लिपी दुसरी.

यंत्राने आपोआप केलेले कॅप्शन कच्चा खर्डा समजा. आपल्या प्राध्यापकांची भाषा, मधेच येणारा इंग्रजी शब्द, 'आता हे असं झालं की नाही?' ही लकब, यात यंत्र हमखास घसरतं. पंधरा मिनिटांच्या व्याख्यानाचे कॅप्शन दुरुस्त करायला तासभर लागतो, हा वेळ कामात धरा, कुणाच्या उपकारावर सोडू नका. एका वेळी दोनच ओळी ठेवा. वाक्य अर्थ तुटेल अशा जागी मोडू नका. बोलणारा बदलला तर नाव लिहा. कॅप्शन चित्रात कायमचे ठोकून बसवण्यापेक्षा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे अक्षरं मोठी करता येतात.

ध्वनिवर्णनाचा खर्च मात्र जवळजवळ पूर्ण वाचवता येतो, बोलायची सवय बदलली तर. एका अन्नतंत्रज्ञानाच्या सहकाऱ्याने गुऱ्हाळाच्या भेटीचा व्हिडिओ केला होता. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या पावशाने ढवळतोय, आणि सर म्हणतात: "हे बघा, असा झाला की समजायचं. आता उतरायचं." ज्याला दिसत नाही त्याला 'असा' म्हणजे कसा? आम्ही ते वाक्य पुन्हा रेकॉर्ड केलं: "रस आता गडद सोनेरी झालाय, फेस बसलाय, आणि थेंब थंड पाण्यात टाकल्यावर त्याची मऊ गोळी होते. आता काहिल उतरायची." डोळस मुलांनाही तेव्हाच नीट कळलं, कारण आधी वाफेत कुणालाच काही दिसत नव्हतं. फळ्यावर लिहिताना 'हे इकडून तिकडे नेलं' ऐवजी 'पाच उजवीकडे नेला, तो वजा पाच झाला' म्हणायचं, एवढीच गोष्ट.

आवाजाची नोंदही कॅप्शनमध्ये करा: [काहिलीत रस रटरटतो], [टाळ्या]. आणि पूर्ण मजकूर पानावर लिहून ठेवा. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या मुलांना नेटवर्कमुळे व्हिडिओ उघडत नाही तेव्हा तीही तोच वाचतात.

ॲप

अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आधीच असतो. तो चालू केल्यावर एका बोटाने सरकवत पुढे जायचं आणि दोनदा टकटक करून उघडायचं. बंद कसा करायचा ते आधी शिका, नाहीतर फोन हातात घेऊन बसाल. मग आपलं ॲप चालवा. 'बटन, लेबल नाही' असं जिथे जिथे ऐकू येईल ते लिहून काढा. चित्राच्या बटनांना नाव द्यायला प्रोग्रामरला एकेक ओळ लागते, पण कुणी मागितल्याशिवाय तो ती लिहीत नाही. फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून बघा, 'फी भरा' पडद्याबाहेर जातं का. गूगलचं 'ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर' मोफत आहे. लहान बटनं आणि फिकट रंग ते दाखवून देतं.

करारातच लिहा

बाहेरून साइट किंवा ॲप करून घेताना कार्यादेशात 'सुगम्य असावे' एवढंच लिहिलं तर काही मिळत नाही. 'डब्ल्यूसीएजी २.१ एए आणि आयएस १७८०२ प्रमाणे. दिव्यांग वापरकर्त्यांकडून चाचणी. आढळलेले दोष अंतिम देयकाआधी दुरुस्त' असं लिहा. आज नवीन करार होत असेल तर २.२ आवृत्तीच मागा, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आहे आणि २.१ ला सामावून घेते. ब्रिटनमधल्या विद्यापीठांना २०१८ च्या नियमांनुसार सुगम्यतेचं निवेदन वेबसाइटवर द्यावंच लागतं: काय चालतं, काय अजून चालत नाही, अडचण आली तर कुणाशी बोलायचं. ते आपणही लिहावं. अमेरिकेतही सरकारी विद्यापीठांसाठी एप्रिल २०२४ च्या नियमाने २.१ एए हाच स्तर घातला आहे, त्यामुळे परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार करताना समोरून हा प्रश्न येऊ शकतो.

वेबसाइटच्या कोपऱ्यात माणसाचं चित्र असलेलं निळं बटन बसवून 'आता आपण सुगम्य' म्हणणारे विक्रेते येतील. त्या बटनाने अक्षरं मोठी होतात, रंग उलटतात. स्कॅन केलेली नोटीस मात्र स्कॅनच राहते आणि नाव नसलेल्या चौकटीला नाव मिळत नाही. पैसे तिथे घालवू नका. ते दिव्यांग विद्यार्थ्यांना चाचणीचं मानधन म्हणून द्या. आमच्याकडे तोच आजऱ्याचा मुलगा पुढे प्रत्येक मोठ्या बदलाआधी साइट ऐकायचा, आणि त्याने तासाभरात काढलेल्या चुका आमच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरने महिनाभर दाखवल्या नव्हत्या.

अडलेल्या विद्यार्थ्याने काय करायचं

हे विद्यार्थ्यांसाठी, आणि ज्यांच्याकडे तक्रार येईल त्यांच्यासाठीही. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे आणि त्याने तक्रारींची नोंदवही ठेवली पाहिजे; हे कलम मुळात नोकरीतल्या तक्रारींसाठी आहे, एवढं ध्यानात ठेवा. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समितीकडे जाता येतं. विद्यार्थ्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे थेट जाता येतं, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. आयुक्तांनी शिफारस केली तर संस्थेने तीन महिन्यांच्या आत काय कारवाई केली ते त्यांना कळवायचं असतं.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. 'तुमची वेबसाइट चालत नाही' असं मोघम लिहू नका, त्यावर 'आमच्याकडे तर चालते' हे उत्तर ठरलेलं आहे. पानाचं किंवा नोटिशीचं नाव, ती टाकल्याची तारीख, तुम्ही उघडली तो दिवस आणि वेळ, फोन की लॅपटॉप, कुठला स्क्रीन रीडर, कशासाठी उघडली होती आणि त्यामुळे काय चुकलं, एवढं लिहा. आणि एका ओळीत स्क्रीन रीडर नेमकं काय बोलला ते, जसंच्या तसं. 'ब्लँक' म्हणाला असेल, तर 'ब्लँक'.